मानाने बसवलेला माणूस

दीनानाथ म्हेत्रे यांना कोणी कधी वाईट वागवलं नाही. नोकरीच्या शेवटच्या वर्षात तर नाहीच. हे मी आधीच लिहून टाकते, कारण पुढचं वाचताना कुणीतरी दुष्ट माणूस शोधावासा वाटेल आणि तो सापडणार नाही. सापडला असता तर मला बरं वाटलं असतं. या हकिगतीत त्यांचा जो साहेब आहे, तो माझा मुलगा आहे.

आम्ही गाझियाबादला वैशालीत राहतो आणि म्हेत्र्यांचं घर आमच्या मागच्या इमारतीत आहे. दीनानाथ भाऊजी मूळचे सोलापूरचे. वडील चादरींच्या कारखान्यात होते, यांनी टेक्सटाइलचा डिप्लोमा केला. लग्न झालं त्याच वर्षी दिल्लीला आले, घरगुती कापडाची निर्यात करणाऱ्या एका कंपनीत तपासनीस म्हणून लागले आणि तिथेच राहिले. कंपनीचं ऑफिस नोएडाला. माल मात्र विणला जातो पानिपतला: गालिचे, सतरंज्या, चादरी, पायपुसणी. तो परदेशी जायच्या आधी कंपनीचा माणूस कारखान्यात जातो, गठ्ठ्यांमधून हवा तो नग काढून उलगडतो, ओढून बघतो, पाठ फिरवून बघतो आणि पास किंवा नापास करतो. भाऊजींनी आयुष्यभर हेच केलं. आठवड्यातले निम्मे दिवस पहाटे उठायचं, आधी बसने, पुढे मेट्रोने दिल्ली स्टेशन गाठायचं आणि तिथून पानिपतची गाडी.

आमच्या मराठी मंडळात यावरून त्यांची थट्टा व्हायची. "पानिपतला जाऊन रोज धड परत येणारा मराठी माणूस हा एकच," असं गणपतीत दरवर्षी कोणीतरी म्हणायचं, आणि भाऊजी दरवर्षी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचे.

कारखान्यात ते गालिच्यावर बूट काढूनच पाय ठेवत. उभ्याने माल बघत नसत, मांडी घालून बसत. एखादा नग नापास करायचा झाला तर आधी तो ज्याने विणला त्या कारागिराला बोलवायचे, शेजारी बसवायचे आणि चूक दाखवायचे. मालकाला नंतर. मालक वैतागायचे. "अंकलजी, मुझे बता दो ना, उसका टाइम क्यूँ खराब करते हो?" पण त्यांनी पद्धत बदलली नाही. म्हणजे ते काही फार मोठे जाणकार होते असं नाही. त्यांच्याही हातून चुका झाल्या. एकदा त्यांनी पास केलेल्या चादरींचा अख्खा माल रंग उतरतो म्हणून परत आला, तेव्हा त्यांच्या घरात आठवडाभर सुतक असल्यासारखी शांतता होती. शालिनी, म्हणजे त्यांची बायको, माझ्याकडे येऊन म्हणाली होती, "चादरी परत आल्यात, माणूस गेल्यासारखं काय करतात हे!"

आणि ते गरीब स्वभावाचे होते असंही नाही. पूर्वी त्यांचा एक साहेब होता, त्याने भर ऑफिसात सांगितलं की सही कर, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस. भाऊजी म्हणाले, "उद्यापासून कशाला, आत्ताच निघतो," आणि डबा उचलून खरंच घरी आले. पुढच्या आठवड्यात कंपनीने त्यांना बोलावून घेतलं. अपमान झाला तर काय करायचं हे त्यांना चांगलं कळत होतं.

माझ्या मुलाने, चिरागने, कापड व्यवसायाच्या व्यवस्थापनाचं शिक्षण घेतलं तेव्हा "आमच्याकडे एक जागा आहे" हे भाऊजींनीच येऊन सांगितलं. पहिल्या वर्षी चिराग त्यांच्याबरोबर पानिपतला जायचा. संध्याकाळी कपड्यांना, केसांना कापसाची लव चिकटलेली असायची आणि मी दारातच त्याला झटकून आत घ्यायचे. पुढे चिराग वर चढत गेला. पस्तिशीच्या आत तो तपासणी विभागाचा प्रमुख झाला आणि भाऊजी त्याच्या हाताखाली आले. ही बातमी आम्हाला चिरागकडून कळायच्या आधीच ते पेढे घेऊन दारात उभे होते.

दोघं एकाच गाडीतून ऑफिसला जात. चिराग मला सांगायचा, नोएडाच्या पुलापर्यंत ते त्याला "चिराग" म्हणत, पूल ओलांडला की "सर".

"काका, प्लीज, सर नका म्हणू यार."

"ऑफिसात म्हणायला पाहिजे. तू मला म्हेत्रे म्हण."

"ते मला जमणार नाही."

"मग तू म्हण काका, मी म्हणतो सर. लोकांना काय हसायचं ते हसू दे."

असं ते ठरलं. मला त्या वेळी ते फार गोड वाटलं होतं.

कंपनीत अठ्ठावन्नला निवृत्ती. त्यानंतर ठेवायचं असेल तर वर्षावर्षाचा करार. भाऊजींचा करार झाला, तेव्हा त्यांनी शालिनीला सांगितलं की केतकीचं होईपर्यंत ओढायचं. केतकी ही त्यांची एकुलती मुलगी, नागपूरला एमडी करते. तिला दोन वर्षं राहिली होती. म्हणजे हा करार आणि आणखी एक. त्यांचं सगळं गणित एवढंच होतं, आणि ते त्यांनी कुणापासून लपवलेलं नव्हतं. चिरागलाही माहीत होतं.

करार एप्रिलपासून सुरू व्हायचा होता, त्याच्या आधीच्या जानेवारीत धुकं फार होतं. गाड्या तासन्तास उशिरा, स्टेशनवर कडाक्याची थंडी. भाऊजींना खोकला लागला तो जाईना. माझ्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, बायका निघाल्या, शालिनी मागे राहिली. चिराग तेवढ्यात ऑफिसातून आला तर तिने त्याला दारातच धरलं.

"चिराग, तुझे काका माझं ऐकत नाहीत. रात्रभर खोकतात आणि पहाटे मफलर गुंडाळून निघतात. तू साहेब ना त्यांचा? मग तूच कर काहीतरी."

"काकू, तुम्ही काळजीच करू नका. मी बघतो ना."

"बघ रे बाबा. आणि मी सांगितलं म्हणून सांगू नकोस, माझी खैर नाही."

आम्ही तिघंही हसलो. चिराग खूश दिसत होता. ज्यांनी आपल्याला काम शिकवलं त्यांच्यासाठी काहीतरी करायची संधी मिळाली, याचा तो आनंद होता. आई म्हणून माझीही छाती फुगली असेल. त्याच आठवड्यात त्याने भाऊजींची पानिपतची फेरी बंद केली. त्यांच्या जागी धीरज आणि अनुष्का ही दोन नवी मुलं जाऊ लागली. भाऊजींना खिडकीजवळचं टेबल मिळालं. चिरागने त्यांना सांगितलं, "काका, आता धावपळ बस झाली. तुम्ही इथून मार्गदर्शन करा." मेलवर त्यांच्या नावापुढे "मार्गदर्शक" असं लिहून यायला लागलं. शालिनीने ते मला फोनवर दाखवलं होतं.

खोकला फेब्रुवारीत गेला. पानिपतची फेरी मात्र परत सुरू झाली नाही. ती सुरू करायची आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. एकदा माणसाला मान देऊन बसवलं की त्याला उठवायचं कसं, हे आपल्याकडे कुणाला ठाऊक असतं?

मार्गदर्शन करायचं म्हणजे काय, हेही कुणी ठरवलं नव्हतं. मुलं संध्याकाळी परत यायची, "नमस्ते सर" म्हणायची आणि निघून जायची. अडलं तर एकमेकांना विचारायची, किंवा चिरागला. भाऊजींनी हात पुढे केला की सगळीकडून एकच सूर. कपाटावरची नमुन्यांची पेटी काढायला गेले तर "सर, रहने दीजिए, मैं उतार देता हूँ." खाली गोदामात निघाले तर "आप बैठिए ना, मैं देख आती हूँ." दुपारचा चहासुद्धा टेबलावर यायचा. पावसाळ्यात कंपनीने नवी पद्धत आणली. कारखान्यातूनच फोनवर फोटो काढायचे, तिथेच निकाल भरायचा, कागद बंद. सगळ्यांना ते शिकवायला एक बाई आली. यादीत भाऊजींचं नाव घालायचं का, असं तिने विचारलं तेव्हा चिराग म्हणाला, "काकांना कशाला त्रास?"

हे चिरागनेच मला नंतर सांगितलं. तेव्हा काकांचा विचार करून बोललो, असंच त्याला वाटलं होतं.

भाऊजींना हे आवडत नव्हतं, पण त्यांना ते कुणाला सांगताही येत नव्हतं. शालिनीला ते एकदा म्हणाले, "कोणी शिवी दिली असती तर बोललो असतो गं. हा पोरगा पाठीला उशी आणून देतो. त्याला काय बोलू?"

दिवाळीनंतरच्या एका रविवारी ते आमच्याकडे आले. हातात शेंगदाण्याच्या चटणीची बरणी होती, सोलापूरहून आलेली. मी म्हटलं, बसा, चहा टाकते. चिराग आतून आला, स्वतः बसला होता ती आरामखुर्ची पुढे ओढली, पंख्याचा झोत दुसरीकडे फिरवला.

"काका, बीपीची गोळी बदलली म्हणे? आता कसं आहे?"

"ठीक आहे. उत्तम आहे." भाऊजी खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते. "चिराग, त्या बत्राच्या कारखान्यात नवे माग आलेत म्हणे?"

"हो ना! कालच धीरज सांगत होता. एकदम मस्त."

"बघायला पाहिजेत."

"फोटो आहेत माझ्याकडे, थांबा." आणि त्याने फोन काढून त्यांना फोटो दाखवले. भाऊजींनी सगळे पाहिले. एकेक मोठा करून पाहिला.

"चांगले आहेत," म्हणाले. मी चहा दिला, तो त्यांनी घाईने संपवला आणि उठले. दारात चपलांपाशी वाकणार तोच चिराग पुढे झाला. "थांबा काका, मी देतो." त्याने त्यांच्या चपला सरळ करून पायापाशी ठेवल्या. चांगल्या वळणाचा मुलगा असंच करणार. भाऊजी त्या चपलांकडे बघत उभे राहिले.

"भाऊजी, काही काम होतं का?" मी विचारलं.

"नाही हो वहिनी. चटणी द्यायची होती."

ते पानिपतला पाठव म्हणून सांगायला आले होते. हे मला कितीतरी महिन्यांनी शालिनीकडून कळलं. घरून निघताना आरशासमोर त्यांनी वाक्य म्हणून पाहिलं होतं, म्हणाली.

जानेवारीत कंपनीत नव्या बाई आल्या, देवयानी. पुण्याच्या, पन्नाशीच्या आसपासच्या, कामाला करड्या. सगळ्या खात्यांचे करार त्यांच्याकडे गेले. चिरागला बोलावून त्यांनी भाऊजींचं नाव काढलं.

"म्हेत्र्यांनी वर्षभरात काय तपासलं?"

"ते मार्गदर्शन करतात, मॅडम. त्यांचा अनुभव खूप आहे."

"अनुभव दिसतोय मला. मी काम विचारतेय. एकाही मालावर त्यांचं नाव नाही."

चिराग म्हणाला, "वयामुळे मीच त्यांना जरा..."

"त्यांनी मागितलं होतं?"

"नाही."

"डॉक्टरने सांगितलं होतं?"

"नाही. घरून जरा काळजी होती."

"मग तू आपल्या मनाने एका तपासनीसाचं काम काढून घेतलंस आणि मला सांगतोयस की अनुभव आहे म्हणून ठेवा." त्या चिडल्या नव्हत्या, असं चिराग म्हणाला. पेन बाजूला ठेवून बोलत होत्या. "वयाचं मला काही नाही. साठ असो, पासष्ट असो. पण वरचे लोक मला विचारणार, हा माणूस काय करतो. मी काय सांगू? मार्चभर त्यांना परत पानिपतला पाठव. नव्या पद्धतीने, फोनवर, त्यांच्या नावाने. महिनाभराचं काम दिसलं तर मी स्वतः करार पुढे नेते."

किती सरळ मार्ग होता. मला अजून वाटतं, इतका सरळ मार्ग कुणाला मिळत नाही.

चिरागने गाडीतच सांगितलं. तो सांगतो की काका एकदम म्हणाले, "पहाटेची गाडी तीच आहे ना अजून?" त्या संध्याकाळी त्यांनी मफलर धुवायला काढला. मार्च तोंडावर आला असताना! शालिनी हसून हसून बेजार.

फोनचं ते केतकीकडून शिकले. ती नागपूरहून व्हिडिओ कॉलवर सांगायची आणि हे घरभर फिरून फोटो काढायचे. शालिनी माझ्याकडे येऊन सांगायची, "आमच्या घरात आता एकही पायपुसणं उरलं नाही. सगळी नापास. उशांचे अभ्रे नापास. काल माझ्या साडीचा पदर धरून उभे होते, म्हटलं खबरदार." अंगठ्याने अक्षरं टिपायला त्यांना वेळ लागायचा, चष्मा वर-खाली व्हायचा, पण आठवड्याभरात जमायला लागलं. मला त्यांनी दाखवलंसुद्धा. आमच्या दारातल्या पायपुसण्याचा फोटो, खाली लिहिलेलं: कड सुटली आहे.

बरोबर अनुष्काला द्यायचं ठरलं होतं, वाट दाखवायला, कारण वर्षभरात कारखान्यांची माणसं बदलली होती. चांगली मुलगी आहे ती. लाजपतनगरची, बोलकी, आजीकडे वाढलेली. पहिल्या फेरीच्या आदल्या दिवशी चिरागने तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "फोनचं तू बघ. काकांना फक्त माल बघू दे. त्यांची धांदल नको व्हायला."

एवढंच बोलला.

पानिपतला भाऊजी बूट काढून गालिच्यावर बसले, तेव्हा बत्राजींनी त्यांना मिठी मारली म्हणे. कारागीर येऊन पाया पडले. भाऊजींनी माल पाहिला आणि खिशातून फोन काढला.

"अरे सर, रहने दीजिए ना, मैं कर देती हूँ."

"बेटा, मुझे आता है."

"आता होगा, पर मैं किसलिए हूँ? आप बोलते जाइए, मैं डालती हूँ."

दुसऱ्या फेरीला त्यांनी पुन्हा फोन काढला, तिने पुन्हा हसून तो त्यांच्या हातातून घेतला आणि त्यांच्या खिशात ठेवला. लाडाने. तिसऱ्या फेरीला त्यांनी फोन काढलाच नाही. मुलीचं मन कशाला मोडायचं, असं शालिनीला म्हणाले, आणि असंही म्हणाले की माल मी बघतोय, निकाल मी सांगतोय, नोंद कुणीही करो. ते नाव कुठून कसं पडतं, हे त्यांना माहीत नव्हतं. ते शिकवलं होतं त्या दिवशी ते यादीत नव्हते. केतकीला तरी कुठून कळणार?

नोंद ज्याच्या फोनवरून होते त्याच्या नावावर पडते. चिरागला हे माहीत होतं, पण अनुष्काशी बोलताना त्याच्या डोक्यात फक्त काकांची धांदल होती. महिनाअखेर देवयानीबाईंनी पाहिलं तर सगळा मार्च अनुष्काच्या नावावर होता.

चिराग धावत गेला. सगळं काम काकांनीच केलंय, अनुष्काला विचारा, कारखान्यांना विचारा. बाईंनी ऐकून घेतलं. "मी एक गोष्ट सांगितली होती," त्या म्हणाल्या. "त्यांच्या नावाने. तेवढंही तू त्यांना करू दिलं नाहीस. वर मी आता तोंडी काय सांगू? फोन मुलगी हाताळते आणि माल म्हेत्रे बघतात, म्हणजे एका कामाला दोन माणसं लागतात, असंच ते म्हणणार." तरीही त्यांनी विचारून पाहिलं होतं, हे नंतर कळलं. उत्तर त्यांना अपेक्षित होतं तेच आलं.

चिरागला ते भाऊजींना सांगायचं होतं. तो ऑफिसात बोलला नाही, संध्याकाळी त्यांच्या घरी गेला. मीही गेले, कारण जाताना त्याचा चेहरा मला बघवेना. मला भीती वाटत होती. कुणासाठी, ते मला आता नीट सांगता येणार नाही. बहुधा चिरागसाठी.

त्याने खाली बघतच सगळं सांगितलं. अनुष्काला काय सांगितलं होतं तेही. शालिनी पदर तोंडाला लावून आत गेली, कारण हळदीकुंकवाच्या दिवशी काय झालं ते तिलाही आठवलं असणार. भाऊजी शांतपणे ऐकत होते. मग उठले. मी त्यांचा आवाज चढलेला आयुष्यात कधी ऐकला नव्हता.

"मला फोन येत होता, चिराग."

"काका, मला वाटलं..."

"तुला वाटलं! तुला वाटलं थंडी बाधेल, तुला वाटलं जिना चढवणार नाही, तुला वाटलं बोटं अडखळतील. अडखळली असती! त्या पोरीसमोर माझं हसं झालं असतं, त्या बाईने मला नापास केलं असतं. चाललं असतं. मी जन्मभर लोकांना नापास करत आलोय, मला नापास होता येतं. ते तरी होऊ द्यायचं होतंस मला."

चिराग रडायला लागला. आणि मग जे झालं ते मला जास्त लागलं. भाऊजींनी पुढे होऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जाऊ दे. जा, जेवून घे." एवढा राग आला होता, तोही त्यांना पुरता करू दिला नाही आम्ही.

निरोप समारंभ त्यांनी नको म्हटलं. शाल नको, भाषणं नको. शेवटच्या दिवशी चिराग गाडीपाशी थांबला होता, ते त्याला "मेट्रोने जातो" म्हणाले आणि गेले.

केतकीचं अजून वर्ष बाकी आहे. तिने सांगितलं, बाबा, मी बघते, काही तरी होईल. तिला विद्यावेतन मिळतं, ती घरी पैसे पाठवू का म्हणते. यावर भाऊजी फोन शालिनीच्या हातात देतात. आमच्या घरी ते येतात, चिराग असला तरी येतात. बोलतातही. चिराग आता त्यांना खुर्ची द्यायला उठतो, अर्ध्यातून पुन्हा बसतो, आणि मग काय करावं हे न सुचून फोन बघत राहतो. आई म्हणून मला त्याची काळजी वाटते. झोप नीट नाही. ऑफिसात ज्ञानोबा नावाचे एक गृहस्थ आहेत, छप्पन्न-सत्तावन्नचे, त्यांना त्याने परवा विचारलं की जून महिन्यात पानिपतला जाल का, ऊन फार आहे. ते हो म्हणाले आणि गेले. दिवसभर याचा जीव थाऱ्यावर नव्हता, पण त्याने त्यांना एकही फोन केला नाही. हे त्याने मला अपराध केल्यासारखं सांगितलं.

गेल्या आठवड्यात भाऊजी एकटेच पानिपतला जाऊन आले. बत्राजींकडे काम मागायला. कंपनीचा तपासनीस येण्याआधी कारखान्यानेच आपला माल एकदा बघून घ्यायचा असतो, त्यासाठी हल्ली माणसं ठेवतात. भाऊजींनी आयुष्यात कुणाकडे तोंड उघडून काम मागितलं नव्हतं. या वेळी मागितलं. गोल गोल बोलले नाहीत, दारातून आत जाऊन सरळ म्हणाले, "बत्राजी, मुझे काम चाहिए. रोज आऊँगा."

बत्राजी खुर्चीतून उठले. त्यांचे दोन्ही हात धरून त्यांना आपल्या गादीवर बसवलं. मुलाला हाक मारली, सुनेला हाक मारली, सगळ्यांना पाया पडायला लावलं. "अंकलजी, आपसे काम करवाऊँगा मैं? पाप लगेगा मुझे. आपका अपना घर है, जब जी चाहे आइए, बैठिए, लस्सी पीजिए. बस हुकुम कीजिए." दुपारी त्यांना गाडीने स्टेशनवर सोडलं, बरोबर मुलाला पाठवलं, तो गाडी सुटेपर्यंत उभा होता.

हे सगळं भाऊजींनी आमच्या जिन्यात उभ्याने सांगितलं. मी त्यांना आत या म्हटलं नाही. बसा म्हणायची मला हिंमत झाली नाही. काही तरी बोलायचं म्हणून मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात?

"काय म्हणणार," ते म्हणाले. "लस्सी प्यायलो. चांगली होती, वहिनी."